अत्यवस्थ बालकाचे रक्ताभिसरण : देखरेख आणि उपचारांची दिशा

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ अर्भके पहिल्या वाढदिवसापूर्वी, तर ३२ बालके पाचव्या वाढदिवसापूर्वी दगावली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा प्रारंभ झाला तेव्हा अर्भक मृत्युदर ५८ होता. पंधरा वर्षांत तो निम्म्यावर आला, ही सामान्य बाब नव्हे. लसीकरण, जलसंजीवनी, संस्थात्मक प्रसूती आणि जिल्हा पातळीवरील विशेष नवजात शिशु काळजी कक्ष यांचा या यशात मोठा वाटा आहे. मात्र यापुढील घट अधिक कठीण आहे. गंभीर जंतुसंसर्ग, डेंग्यू, न्यूमोनिया किंवा अतिसाराने अत्यवस्थ झालेले मूल रुग्णालयाच्या दारात पोहोचते, तेव्हा त्याच्या जगण्या-मरण्याचा निर्णय बहुधा पहिल्या काही तासांत होतो. त्या तासांत डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापुढे मुख्य प्रश्न असतो तो रक्ताभिसरणाचा : या मुलाला शिरेतून द्रव द्यावा काय, किती द्यावा, आणि कधी थांबावे?

वरकरणी हा निव्वळ वैद्यकीय तपशील वाटेल. परंतु गेल्या दोन दशकांत या एका प्रश्नाने जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना बदलायला लावल्या आणि एकच उपचार सर्व रुग्णालयांत सारखाच योग्य असतो, हा समज मोडीत काढला. त्यामुळे आरोग्यविषयक धोरणांचा अभ्यास करणाऱ्यांनाही त्याची ओळख असणे आवश्यक आहे.

शॉक म्हणजे काय?

वैद्यकात ‘शॉक’ या शब्दाचा अर्थ मानसिक धक्का असा नाही. शरीरातील पेशींना त्यांच्या गरजेइतका प्राणवायू रक्तावाटे न पोहोचणे, ही शॉकची व्याख्या होय. हा पुरवठा दोन गोष्टींवर अवलंबून असतो. हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते ही पहिली आणि त्या रक्तात किती प्राणवायू आहे ही दुसरी. हृदयाचे दर मिनिटाचे कार्य म्हणजे ठोक्यांची संख्या गुणिले प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त. रक्तातील प्राणवायू मुख्यतः हिमोग्लोबिनवर ठरतो. हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. एक वर्षाच्या, १० किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात दर किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर, म्हणजे एकूण ८०० मिलिलिटरच्या आसपास रक्त असते. बाजारात मिळणारी पाण्याची एक लिटरची बाटलीसुद्धा त्याने भरणार नाही. समजा, या मुलाचे हृदय मिनिटाला १२० वेळा पडते आणि दर ठोक्याला १२ मिलिलिटर रक्त पुढे जाते. मिनिटाचे कार्य १,४४० मिलिलिटर झाले. आता जुलाबांमुळे शरीरातील पाणी कमी होऊन दर ठोक्याचे रक्त ८ मिलिलिटरवर आले, तर हृदय १८० वेळा पडून तेच १,४४० मिलिलिटर कार्य टिकवू शकते. लहान मुलाच्या हृदयाला प्रत्येक ठोक्याची ताकद फारशी वाढवता येत नाही. त्याची मदार ठोक्यांच्या गतीवर असते. म्हणूनच ताप, रडणे किंवा वेदना यांचे कारण नसताना वेगाने चालणारी नाडी ही हिशेब जुळवण्यासाठी शरीराने चालवलेल्या धडपडीची खूण समजावी.

रक्तदाबावर विसंबण्यातील धोका

सर्वसामान्य माणसाच्या मनात रक्ताभिसरण म्हटले की रक्तदाब येतो. बालकांच्या बाबतीत मात्र हा निकष फसवा ठरतो. हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी झाले की शरीर हातापायांच्या, त्वचेच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते आणि मेंदू व हृदय यांच्याकडील प्रवाह राखते. वाहिन्या आकसल्यामुळे दाब टिकून राहतो. मुलांमध्ये ही क्षमता विशेष प्रबळ असते. परिणामी, मूल शॉकमध्ये असूनही रक्तदाबाचा आकडा कित्येक तास ‘सामान्य’ दिसू शकतो. तो घसरतो तेव्हा शरीराची राखीव शक्ती संपत आलेली असते आणि त्यानंतरची घसरण अतिशय वेगवान असते.

एक ते दहा वर्षे वयातील मुलांसाठी किमान स्वीकार्य वरच्या रक्तदाबाचे एक सोपे सूत्र आहे : ७० अधिक वयाची दुप्पट. चार वर्षांच्या मुलासाठी ते ७८ येते. परीक्षेत हे सूत्र विचारले जाते आणि ते पाठ असणे योग्यच. पण त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ७८ च्या खाली गेलेले मूल गंभीर आहे, एवढेच हे सूत्र सांगते. ७८ च्या वर असलेले मूल सुरक्षित आहे, असे ते सांगत नाही.

मोजण्याच्या साधनातही चूक होऊ शकते. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातील फुगणाऱ्या भागाची रुंदी दंडाच्या परिघाच्या सुमारे ४० टक्के असावी लागते. अरुंद पट्टा वापरला तर दाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. नवजात बाळापासून किशोरापर्यंत वेगवेगळ्या मापांचे पट्टे कक्षात नसतील, तर महागडे यंत्रही आपल्याला खोटा दिलासा देत राहते. खरेदीच्या यादीत ही बाब क्षुल्लक दिसते, म्हणून येथे मुद्दाम नमूद केली.

पाहणे, स्पर्श करणे, पुन्हा पाहणे

मग रक्ताभिसरण जोखायचे कसे? पहिली साधने हात, डोळे आणि घड्याळ हीच आहेत. मुलाचे तळपाय थंड आहेत काय आणि हा थंडपणा पोटऱ्यांपर्यंत चढला आहे काय? मनगटाची नाडी क्षीण आहे काय? अंगठ्याचे नख किंवा छातीच्या मधल्या हाडावरील त्वचा तीन ते पाच सेकंद दाबून सोडली, तर पांढरी पडलेली जागा पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो? यास केशिका पुनर्भरण काल असे म्हणतात. दोन सेकंदांपर्यंत तो सामान्य समजला जातो. खोली थंड असेल तर हा काल उगाच लांबतो, तेव्हा मुलाला उबेत ठेवूनच तो मोजावा.

याच्या जोडीला मुलाची जाग पाहावी लागते. आईला ओळखणारे, सुईला विरोध करणारे मूल आणि निमूटपणे सुई टोचू देणारे मूल यांच्या मेंदूला मिळणाऱ्या रक्तात फरक असतो. निमूट मुलाला ‘शहाणे’ समजण्याची चूक अननुभवी कर्मचाऱ्यांकडून घडते. लघवीचे प्रमाण हा मूत्रपिंडांनी दिलेला अहवाल होय. दर किलोमागे तासाला एक मिलिलिटर हे ढोबळ लक्ष्य मानतात. म्हणजे आपल्या १० किलोच्या मुलाला तासाला १० मिलिलिटर लघवी व्हावी. नळी घातलेली नसेल तर लंगोटाचे आधीचे व नंतरचे वजन करूनही हे मोजता येते.

द्रव जास्त होऊ लागल्याच्या खुणाही याच हातांनी कळतात. यकृताची कड बरगडीच्या खाली किती उतरली आहे, श्वासाची गती वाढली आहे काय, फुफ्फुसांत बारीक बुडबुड्यांसारखा आवाज येतो काय? यकृताची कड सुरुवातीलाच पेनाने पोटावर आखून ठेवण्याची प्रथा अनेक अनुभवी बालरोगतज्ज्ञ पाळतात. तासाभराने दुसरी पाळी आली तरी तुलना करता येते. यातील एकही चाचणी एकटीने निर्णायक नाही. त्यांचे मूल्य एकत्रितपणे आणि वारंवार पाहण्यात आहे.

द्रवोपचाराचा धडा

शिरेतून क्षारयुक्त पाणी देण्याचा उपचार पटकीच्या साथीतून जन्मला. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकी पसरली असताना विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या रक्तातील पाणी व क्षार घटल्याचे दाखवून दिले. पुढे हेच गृहस्थ भारतात आले आणि येथील तारायंत्र सेवेचा पाया त्यांनी घातला. त्यांच्या निष्कर्षांच्या आधारे स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये एका मरणासन्न वृद्धेला शिरेतून क्षारद्रव दिला. निष्प्राण दिसणारी ती स्त्री अर्ध्या तासात बोलू लागली. लॅटा तिला रुग्णालयातील सहकाऱ्यावर सोपवून निघून गेले. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, द्रव पुन्हा दिला गेला नाही आणि काही तासांत ती मरण पावली. उपचार योग्य होता. नंतरची देखरेख मात्र झाली नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पारडे उलट्या बाजूला झुकले. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ३४ बालकांच्या एका अभ्यासात, जंतुसंसर्गजन्य शॉकमध्ये पहिल्या तासात दर किलोमागे ४० मिलिलिटरहून अधिक द्रव मिळालेली मुले अधिक प्रमाणात वाचली, असे आढळले. अभ्यास लहान होता, तरी ‘लवकर आणि भरपूर द्रव’ हे सूत्र जगभर रूढ झाले. थोड्या वेळात वेगाने दिल्या जाणाऱ्या अशा मात्रेला ‘बोलस’ म्हणतात.

या सूत्राची कसोटी आफ्रिकेत लागली. केनिया, युगांडा आणि टांझानिया येथील सहा रुग्णालयांत कॅथरीन मेटलँड आणि सहकाऱ्यांनी ‘फीस्ट’ नावाची चाचणी घेतली. ताप आणि रक्ताभिसरण बिघडल्याच्या खुणा असलेल्या ३,१४१ बालकांचे चिठ्ठी पद्धतीने तीन गट केले. एका गटास अल्ब्युमिनचे, दुसऱ्यास सलाईनचे बोलस दिले. तिसऱ्यास बोलस न देता केवळ नेहमीचा संथ द्रव आणि इतर सर्व उपचार दिले. बोलसने जीव वाचतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ४८ तासांतील मृत्यू अल्ब्युमिन गटात १०.६ टक्के, सलाईन गटात १०.५ टक्के आणि बोलस न दिलेल्या गटात ७.३ टक्के निघाले. दर शंभर बालकांमागे तीन अधिक मृत्यू! चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षांतील सर्वात अस्वस्थ करणारी बाब नंतरच्या विश्लेषणात पुढे आली. बोलस दिलेल्या गटांत पहिल्या तासाअखेर शॉकच्या खुणा अधिक मुलांमध्ये मावळल्या होत्या. नाडी भरली होती, पाय उबदार झाले होते. तरीही पुढे याच गटांत मृत्यू अधिक झाले आणि त्यांतील बहुसंख्य जादा मृत्यू फुफ्फुसांत पाणी भरून नव्हे, तर रक्ताभिसरण कोसळून झाले. म्हणजे एका तासानंतर दिसलेली सुधारणा हा यशाचा पुरावा मानता येत नाही.

असे का घडले असावे, याविषयी आजही मतभेद आहेत. एक कारण आपल्याच उदाहरणावरून समजते. चाचणीतील निम्म्याहून अधिक बालकांना मलेरिया होता आणि सुमारे एक तृतीयांश बालकांचे हिमोग्लोबिन ५ ग्रॅमच्या खाली होते. १० किलोच्या मुलात ८०० मिलिलिटर रक्त, हिमोग्लोबिन ५ ग्रॅम. त्यात ४०० मिलिलिटर सलाईन गेले आणि ते सारे वाहिन्यांतच राहिले असे मानले, तर हिमोग्लोबिन ३.३ ग्रॅमवर येते. पहिल्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ६.६ मिलिलिटर प्राणवायू होता, तो आता ४.४ राहिला. दाब वाढला, प्रवाह वाढला, पण प्रत्येक थेंबातील माल कमी झाला. प्रत्यक्षात बरेचसे सलाईन लवकरच वाहिन्यांबाहेर झिरपते, म्हणून हे गणित केवळ दिशा दाखवणारे समजावे. सर्व जादा मृत्यूंचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. ज्यांच्यात रक्तक्षय नव्हता त्या मुलांमध्येही बोलसचा अपाय दिसला होता.

फीस्टच्या मर्यादा लक्षात न घेता तिचा दाखला देणे मात्र चुकीचे ठरेल. अतिसाराची व तीव्र कुपोषित बालके चाचणीत नव्हती. रक्तदाब अतिशय घसरलेल्या मोजक्या बालकांचा विभाग वेगळा ठेवून त्यांना बोलस दिले गेले होते. या रुग्णालयांत कृत्रिम श्वसनयंत्रे असलेले अतिदक्षता विभागही नव्हते. टीकाकारांनी शॉकची व्याख्या सैल होती असाही आक्षेप घेतला. तरीसुद्धा २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या सूचना बदलल्या. हातपाय थंड, पुनर्भरण काल तीन सेकंदांहून अधिक आणि नाडी क्षीण व वेगवान, या तिन्ही खुणा एकत्र असतील तरच शॉक मानावा आणि तेव्हाही दर किलोमागे १० ते २० मिलिलिटर द्रव ३० ते ६० मिनिटांत, सावकाश द्यावा, असे त्यात म्हटले आहे.

द्रव एक, नियम अनेक

भारतातील बालरुग्णकक्षात एकाच दिवशी चार प्रकारची मुले दाखल होऊ शकतात. आजारानुसार नियम कसा बदलतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

तीव्र जलशुष्कतेच्या अतिसारात शरीरातून पाणी व क्षार खरोखरच बाहेर गेलेले असतात. तेथे कमतरता भरून काढणे हाच उपचार. दर किलोमागे १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे आपल्या मुलाला एक लिटर द्यावे लागते. एक वर्षाखालील अर्भकांना सहा तासांत, त्याहून मोठ्यांना तीन तासांत ते द्यायचे असते आणि पिता येऊ लागताच जलसंजीवनी सुरू करायची असते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे द्रव संपल्यावर साखर-मिठाच्या पाण्यावर हजारोंचे प्राण वाचवले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. फीस्टचा दाखला देऊन अतिसाराच्या मुलाला द्रव नाकारणे हा घोर प्रमाद ठरेल.

तीव्र कुपोषित मुलात चित्र बदलते. त्याच्या हृदयाचे स्नायू दुबळे असतात. तेथे ग्लुकोजयुक्त द्रव दर किलोमागे १५ मिलिलिटर या प्रमाणात पूर्ण एका तासात द्यावा आणि दर काही मिनिटांनी नाडी व श्वास मोजावा, असा संकेत आहे. दोन्हींची गती उतरली तर द्रव लागू पडला असे समजून तेवढाच द्रव पुन्हा देता येतो. दोन्ही वाढू लागल्या तर द्रव तत्काळ थांबवायचा असतो.

डेंग्यूमध्ये पाणी शरीराबाहेर जात नाही. ते वाहिन्यांतून झिरपून छातीत व पोटात साठते आणि ही गळती साधारण २४ ते ४८ तासांनंतर थांबते. येथे वरचा व खालचा रक्तदाब यांतील अंतराला महत्त्व असते. ज्या मुलाचा दाब १०० व ८५ आहे त्याचा वरचा आकडा उत्तम वाटेल, परंतु अंतर केवळ १५ आहे आणि २० किंवा त्याहून कमी अंतर हे डेंग्यूतील शॉकचे लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार, रक्तदाब टिकून असलेल्या शॉकमध्ये दर किलोमागे ५ ते १० मिलिलिटर द्रव एका तासात देऊन फेरतपासणी करतात व मात्रा पायरीपायरीने उतरवतात. रक्तातील पेशींचे प्रमाण दाखवणारा हिमॅटोक्रिट वाढत असेल तर गळती चालू आहे. तो घसरूनही मूल खालावत असेल तर आत रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यावी लागते आणि सलाईनऐवजी रक्त लागते. गळती थांबल्यावर साठलेले पाणी वाहिन्यांत परतते. त्या वेळी सुरू ठेवलेले सलाईन फुफ्फुसे बुडवते. व्हिएतनाममध्ये ३८३ बालकांवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने मध्यम तीव्रतेच्या डेंग्यू शॉकमध्ये साधे व स्वस्त रिंगर लॅक्टेट महागड्या द्रवांइतकेच उपयुक्त असल्याचे दाखवून दिले. भारतासारख्या देशासाठी हा निष्कर्ष आर्थिकदृष्ट्याही मोलाचा आहे.

चौथे मूल जंतुसंसर्गाच्या शॉकचे. खरा वाद आहे तो याच्याबाबत. २०२० मध्ये ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’ने बालकांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात प्रथमच रुग्णालयाच्या क्षमतेनुसार वेगळी शिफारस आहे. अतिदक्षता विभाग उपलब्ध असेल तेथे पहिल्या तासात १० ते २० मिलिलिटरच्या मात्रांत दर किलोमागे एकूण ४० ते ६० मिलिलिटरपर्यंत द्रव देता येतो. प्रत्येक मात्रेनंतर फेरतपासणी करायची आणि द्रव साठल्याच्या खुणा दिसताच थांबायचे. अतिदक्षता विभाग नसेल आणि रक्तदाब घसरलेला नसेल, तर बोलस देऊच नये. रक्तदाब घसरला असेल तर ४० मिलिलिटरपर्यंत द्यावा. आजार एकच, मूल तेच. उपचार मात्र इमारतीनुसार बदलतो, कारण द्रवाचा अपाय झाल्यास सावरण्याची सोय एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

वेगाचा प्रश्न भारतीय संशोधकांनी हाताळला. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ९६ बालकांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येक बोलस ५ ते १० मिनिटांत देण्याची तुलना १५ ते २० मिनिटांत देण्याशी केली गेली. पहिल्या सहा तासांत श्वसनयंत्र लागण्याचे किंवा फुफ्फुसांचे कार्य खालावण्याचे प्रमाण वेगवान गटात ५७ टक्के, तर संथ गटात ३६ टक्के होते. दहा मिनिटांचा संयम एवढाच या उपचाराचा खर्च!

हृदयाला आधार देणारी औषधे

द्रव देऊनही शॉक न हटल्यास रक्तवाहिन्या व हृदय यांवर कार्य करणारी औषधे लागतात. अनेक वर्षे डोपामिन हे पहिले औषध होते. २०१५ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो येथील १२० बालकांच्या चाचणीत डोपामिन गटात २०.६ टक्के, तर ॲड्रिनॅलिन गटात ७ टक्के मृत्यू झाले. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत ६० बालकांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या तासात शॉक आटोक्यात येण्याचे प्रमाण ॲड्रिनॅलिनने ४१ टक्के, डोपामिनने १३ टक्के होते. २०२० च्या मार्गदर्शिकेने त्यामुळे ॲड्रिनॅलिन किंवा नॉरॲड्रिनॅलिन यांना पसंती दिली.

पूर्वी हातपाय थंड असलेला ‘शीत’ शॉक आणि उबदार असलेला ‘उष्ण’ शॉक अशी विभागणी करून औषध निवडले जाई. पाठ्यपुस्तकांत ती अजून आढळते. केवळ हाताच्या स्पर्शावरून ही विभागणी करण्यावर विसंबू नये, असे २०२० ची मार्गदर्शिका सुचवते, कारण हृदयाची प्रत्यक्ष तपासणी केली असता अंदाज बरेचदा चुकलेला आढळतो. मोठ्या शिरेत नळी घालण्याची वाट पाहत औषध लांबवावे काय? याविषयी ठोस शिफारस नाही. तथापि मोठी शीर लगेच उपलब्ध नसल्यास विरळ केलेले औषध हातापायांच्या शिरेतून सुरू करण्याची प्रथा तज्ज्ञ पाळतात. त्या जागेकडे सतत लक्ष ठेवणारी परिचारिका हवी, कारण औषध शिरेबाहेर गेल्यास त्वचा करपते.

यंत्रांची साक्ष

सुसज्ज अतिदक्षता विभागात धमनीतील नळीने रक्तदाब क्षणोक्षणी दिसतो, ध्वनिलहरींच्या तपासणीने हृदयाचे आकुंचन पाहता येते, रक्तातील लॅक्टेट मोजता येते. लॅक्टेट वाढणे हे पेशींना प्राणवायू अपुरा पडत असल्याचे लक्षण मानतात. पण ॲड्रिनॅलिन स्वतःच लॅक्टेट वाढवते, हे विसरल्यास सुधारणारे मूलही खालावत असल्यासारखे भासते. मोठ्या नीलेतील दाबावरून द्रवाची गरज ठरवण्याची जुनी पद्धत आता भरवशाची मानली जात नाही. श्वासागणिक महाधमनीतील प्रवाहात होणारा फरक हा बालकांमध्ये द्रवाला मिळणाऱ्या प्रतिसादाचा अंदाज देणारा त्यातल्या त्यात विश्वसनीय निकष २०१३ च्या एका आढाव्यात ठरला. परंतु तो श्वसनयंत्रावरील मुलांपुरताच.

हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात किती टक्के प्राणवायू शिल्लक आहे, हेही मोजता येते. तो ७० टक्क्यांवर राखण्याचे लक्ष्य ठेवून ब्राझीलमध्ये १०२ बालकांवर केलेल्या चाचणीत (२००८) मृत्यूचे प्रमाण ३९.२ वरून ११.८ टक्क्यांवर आले. पुढे प्रौढांवरील तीन मोठ्या चाचण्यांत (२०१४-१५) अशा लक्ष्याधारित उपचारांचा लाभ दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. दरम्यानच्या काळात सर्वसाधारण उपचारच सुधारले होते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

२०२४ मध्ये ‘फिनिक्स’ या नावाने बालकांतील सेप्सिसची नवी व्याख्या जाहीर झाली. श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि चेतासंस्था यांना गुण देऊन बेरीज दोन किंवा अधिक झाल्यास सेप्सिस, आणि त्यात रक्ताभिसरणाचा किमान एक गुण असल्यास सेप्टिक शॉक मानतात. २००५ च्या व्याख्येची जागा तिने घेतली. ही व्याख्या रोगाची नोंद व संशोधन यांसाठी उपयुक्त आहे. रात्री दोन वाजता दारात आलेल्या मुलाला द्रव द्यावा की नाही, हे ती सांगत नाही.

जिल्हा रुग्णालयाचे वास्तव

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ८ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३,१२३ कोटी रुपयांच्या आपत्कालीन प्रतिसाद योजनेच्या दुसऱ्या टप्प्यास मान्यता दिली. सर्व ७३६ जिल्ह्यांत बालरोग कक्ष उभारणे हा तिचा एक प्रमुख घटक होता. कोविडमधून बऱ्या झालेल्या काही मुलांना आठवड्यांनंतर अनेक अवयवांचा दाह होऊन शॉक येत असे आणि त्यात हृदयाचे स्नायूही दुर्बल होत. अशा मुलात सलाईनचा अतिरेक घातक ठरे. त्यामुळे या कक्षांची निकड तेव्हा सर्वांना जाणवली.

तथापि ‘अतिदक्षता विभाग उपलब्ध आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर खाटा व यंत्रे मोजून देता येत नाही. २०२० च्या शिफारशीतील ४० ते ६० मिलिलिटरची मुभा प्रत्येक मात्रेनंतरच्या फेरतपासणीशी जोडलेली आहे. रात्रपाळीत तीस मुलांमागे दोन परिचारिका असतील, तर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास आणि यकृताची कड पुन्हा पाहणार कोण? अशा कक्षात श्वसनयंत्र भिंतीशी उभे असले, तरी उपचारांच्या दृष्टीने त्याची गणना अतिदक्षता विभाग नसलेल्या रुग्णालयात करणेच प्रामाणिकपणाचे होईल आणि द्रवाचा नियमही त्यानुसारच निवडावा लागेल. दरमहा किती यंत्रे बसवली याचा आढावा घेतला जातो. बोलसनंतरच्या फेरतपासणीची नोंद किती मुलांच्या कागदावर आहे, याचाही आढावा घेणे तितकेच सोपे आहे. त्याला वेगळा निधी लागत नाही.

मूल मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते, तेव्हा हा धागा बहुधा तुटतो. रुग्णवाहिकेच्या दोन-तीन तासांच्या प्रवासात सलाईनची बाटली चालू असते, पण तिचा वेग कोणी पाहत नाही. पोहोचल्यावर नवे डॉक्टर पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरुवात करतात, कारण आधी किती द्रव गेला हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून सोबतच्या चिठ्ठीवर निदानाच्या आधी चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : मुलाचे वजन, आतापर्यंत दिलेला द्रव मिलिलिटरमध्ये व वेळेसह, प्रत्येक मात्रेपूर्वीची व नंतरची नाडी आणि श्वासाची गती, आणि शेवटची लघवी केव्हा व किती झाली ती वेळ.